पिएत्राल्ताच्या येशूला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पॅरिशचे धर्मगुरू आदरणीय फादर अन्सेल्मो. प्रमुख पाहुणे, क्रूसयात्रा समितीचे प्रमुख आणि ज्यांच्या घाण्याचं तेल आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात आहे ते माननीय प्रोस्पेरो ग्वारिनीसाहेब. व्यासपीठावरचे माननीय नगराध्यक्ष. आजचे सत्कारमूर्ती श्री. एजिदिओ लामान्ना, आणि समोर बसलेल्या माझ्या पिएत्राल्ताकर बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला समितीने केली, याबद्दल मी समितीची ऋणी आहे. 'लिबेराबाई, चारच शब्द हं,' असंही ग्वारिनीसाहेब प्रेमाने म्हणाले. साहेब, मी चाळीसेक वर्षं मास्तरकी केली. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींचे कान मी पिळलेले आहेत. तेव्हा चार शब्दांवर भागणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

एजिदिओंची ओळख कुणाला करून द्यायची? या सभागृहात ज्याच्याकडे गाडीचं लायसन आहे त्याला ते एजिदिओंमुळे मिळालं आहे. गावात ड्रायव्हिंग स्कूल एकच. नगराध्यक्षसाहेब चढावर गाडी मागे सोडायचे तेव्हा शेजारी बसून 'घाबरायचं नाही, डोंगर कुठे पळून जात नाही' म्हणणारा माणूस हाच. फादर, तुम्ही बिशपांची गाडी सेंट रॉकच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढवलीत, तेव्हाही शेजारी हाच होता आणि दोष स्वतःवर घेणाराही हाच. हसा, हसा. आज हसायला पुढे फारसा वाव नाही.

वीस वर्षांपूर्वी आपल्या गुड फ्रायडेच्या क्रूसयात्रेच्या नाटकातल्या आधीच्या येशूचं पोट सुटलं. क्रुसावर चढवताना शिडी मोडली, आणि समितीच्या लक्षात आलं की आता नवा येशू शोधायला हवा. आम्ही चौकातल्या कॉफीच्या दुकानात याच विषयावर डोकं खाजवत बसलो होतो, तेवढ्यात एजिदिओ आत आले. उंच, सडपातळ, मधाच्या रंगाचे केस, घारे डोळे. ग्वारिनीसाहेब उभेच राहिले. म्हणाले, 'बघा! साक्षात!'

साक्षात कोण? तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. प्रभू नासरेथचा. उन्हातान्हात राबणाऱ्या सुताराच्या घरचा. त्याचे केस मधाच्या रंगाचे होते हे आपल्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या आईच्या पलंगावर जी तसबीर टांगलेली होती तिच्यात ते तसे होते, आणि आईच्या पलंगावरची तसबीर खोटी कशी असेल? दोन वर्षांनी एजिदिओंचे केस काळपट व्हायला लागले, तेव्हा समितीने ठराव करून ते सलोनमध्ये रंगवून घेतले. बिचारा लेंटचा उपवासाचा काळ सुरू झाला की डोक्याला फॉइल लावून बायकांच्या रांगेत बसायचा.

आता आपल्या नाटकाविषयी. संहिता माझ्याकडे असते आणि यात्रेत येशूच्या मागे-मागे चालत प्रॉम्प्टिंगही मीच करते, त्यामुळे हे सांगायचा अधिकार माझा आहे.

प्रभू चाबूक उचलून मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. पहिल्या वर्षी एजिदिओंनी चर्चच्या पायऱ्यांवरचं एक टेबल खरंच उलथं केलं. ते कोझिमोचं होतं. भाजलेले हरभरे आणि ताराल्लीची खारी बिस्किटं चौकभर उधळली. कोझिमो, बसलायस ना मागे? तू काय म्हणालास, ते सगळ्यांना पाठ आहे. 'येशू असशील तुझ्या घरी! माझे हरभरे भर आधी!' त्याचं नुकसान झालं होतं, तक्रार रास्त होती. पुढच्या वर्षी ठरलं, टेबल उलथायचं नाही, नुसतं रागाने बघायचं. मग बाहेरगावचे पाहुणे यायला लागले, टपऱ्या वाढल्या, आणि त्या रागाने बघण्याचाही टपरीवाल्यांना त्रास व्हायला लागला. शेवटी असं झालं की येशू कोझिमोच्या टपरीवर थांबतो, ताराल्ली उचलतो आणि लहान मुलांना वाटतो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हापासून हा प्रसंग आपल्या यात्रेतला सर्वांत लाडका प्रसंग आहे. ज्या माणसाने चाबूक उचलला होता, त्याच्या हातात आपण खाऊ दिला.

प्रभू श्रीमंत तरुणाला उपदेश करतो, तो प्रसंग ग्वारिनीसाहेबांना कडक वाटायचा. 'बाई, जरा मऊ करा ना. असलेलं सगळं विकून टाक, हे ऐकायला कसंसंच वाटतं. शेवटी मंडपाचा खर्च कोण करतं?' मी मऊ केलं. सगळं विकण्याऐवजी 'मन उदार ठेव' असं आलं. साहेब, तुमचा मी अपमान करत नाही. कात्री माझ्या हातात होती.

यरुशलेमच्या बायका वाटेवर रडतात, तिथे प्रभूचे शब्द फार कठोर होते. पुढे काय वाईट दिवस येणार आहेत ते तो सांगतो. पण आपल्याकडे तिथे पहिल्या इयत्तेतल्या मुली उभ्या असतात. त्यांनी घाबरू नये म्हणून मी ओळ बदलली. आता येशू म्हणतो, 'माझ्यासाठी रडू नका. आपापल्या घरी सुखाने जा.' ऐकायला गोड आहे. इतकी गोड, की कित्येकांच्या घरी ती फरशीवर कोरून लावलेली मी पाहिली आहे. खाली प्रभूचं नाव. ती ओळ प्रभूची नाही हो. माझी आहे.

देव माणूस झाला, असं आपण दर नाताळात म्हणतो. आपण पुढची पायरी गाठली. आपण त्याला माणसाळवला.

आता सत्कारमूर्तींच्या निवृत्तीकडे वळते. समितीने वृत्तपत्राला कळवलं आहे की एजिदिओंचा गुडघा दुखावल्यामुळे ते ही भूमिका सोडत आहेत. मी आज त्यांच्यासोबत चौकातून इथवर चालत आले. मला धाप लागली. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

झालं ते असं. यंदा लेंट सुरू होण्याआधी समितीच्या बैठकीला एजिदिओ एका तरुणाला घेऊन आले. त्याचं नाव क्वाबेना. घाना देशातला. दोन हंगाम आपल्याकडे संत्री तोडायला येत होता आणि खालच्या बाजूला तंबाखूचं जे जुनं गोदाम आहे, तिथे बाकीच्या मजुरांबरोबर राहत होता. एजिदिओंकडे गाडी शिकत होता. आपली बोली अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, बाजारपेठेतलाच कुणीतरी आहे.

एजिदिओ म्हणाले, 'क्रूस उचलायला येशूला मदत करतो तो कुरेनेकर शिमोन आफ्रिकेतला होता. दरवर्षी आपण साहेबांच्या पुतण्याच्या, जानमार्कोच्या, तोंडाला काजळी फासतो. यंदा ते क्वाबेनाने करावं.'

ग्वारिनीसाहेबांनी विचारलं, 'क्रूस उचलशील का रे?'

'किती जड आहे?'

'जड कसला! आतून पोकळ आहे.'

क्वाबेना म्हणाला, 'मग मदतीला माणूस कशाला लागतो?'

मला हसू आलं. एकटीलाच आलं, म्हणून मी ते खोकल्यात घालवलं.

मग फादर, तुम्ही विचारलंत. अगदी मायेने विचारलंत, मी साक्षीला आहे. 'बाळा, ही धार्मिक गोष्ट आहे. तू ख्रिस्ती तरी आहेस का?'

तो म्हणाला, 'फादर, दर रविवारी तुमच्याच हातून मी ख्रिस्तप्रसाद घेतो.'

शेवटच्या बाकावर बसायचा तो. दोन हंगाम. मी त्याच्या पुढच्या बाकावर बसते. मिसेत एकमेकांना शांती देताना आपण मागेपुढे वळून हात हातात घेतो ना? मी कुणाचा हात घेत होते, ते मला सांगता आलं नाही.

निर्णय झाला, पुढच्या वर्षी बघू. यंदा जर्मनीहून टीव्हीवाले येणार होते. मीही हात वर केला. पुढच्या वर्षासाठी.

आणि टीव्हीवाले येणार म्हणून पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी नगरपालिकेने तंबाखूचं गोदाम रिकामं करून घेतलं. यात्रा त्याच रस्त्याने जाते, कॅमेऱ्यात ते बरं दिसलं नसतं. संत्र्यांचा हंगाम संपलेलाच होता. कारण सांगितलं की छप्पर धोकादायक आहे. छप्पर धोकादायक होतंच, ते मी नाकारत नाही. ते आदल्या चार वर्षांतही होतं.

गुड फ्रायडेला दुपारी यात्रा निघाली. गर्दी तुम्ही पाहिली आहे, तुम्हीच ती गर्दी होतात. गोदामाच्या वळणावर ते लोक भिंतीला टेकून आपापल्या गाठोड्यांवर बसले होते. बस सुरू नव्हत्या, जाणार कुठे? पोलीस त्यांना सांगत होते, 'यात्रा जाईपर्यंत भिंतीच्या पलीकडे व्हा.' आणि त्याच वळणावर शिमोनाची जागा. काजळी फासलेला जानमार्को पुढे आला. एजिदिओंनी क्रूस खाली ठेवला. त्याच्या हातात दिला नाही. खाली ठेवला. मग गेले आणि भिंतीशी, क्वाबेनाच्या शेजारी, एका गाठोड्यावर बसले.

मला वाटलं, ओळ विसरले. मी वाकून कानात सांगितली, 'माझ्यासाठी रडू नका, आपापल्या घरी सुखाने जा.'

ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, 'बाई, ओळ पाठ आहे मला. पण ह्यांच्यासमोर ती म्हणायची कशी?'

मी संहिता मिटली. दुसरं काय करणार होते? वीस वर्षं मी त्या माणसाला शब्द पुरवले होते.

ग्वारिनीसाहेब धावत आले. 'एजिदिओ, ऊठ! कॅमेरा चालू आहे!'

एजिदिओ म्हणाले, 'तुम्ही पुढे व्हा. मी इथेच आहे.'

एवढंच. त्यांनी भाषण केलं नाही, कुणाला दोष दिला नाही. मग आपला आवाज चढला. 'ऊठ रे, ऊन उतरलं!' 'नाटकं पुरे झाली, ड्रायव्हिंगवाल्या!' एक बाई, नाव घेत नाही, माझ्याच वर्गात होती, ती ओरडली, 'लाज नाही वाटत? येशूचा अपमान करतोस!' कुणीतरी ताराल्ली फेकून मारली. पिलाताच्या वाड्यासमोर 'क्रुसावर चढवा' असं ओरडायचं म्हणून आपण महिनाभर तालीम करतो आणि दरवर्षी दिग्दर्शक म्हणतो, आवाज खरा वाटत नाही. त्या दिवशी खरा वाटला.

साहेब म्हणाले, 'बरं, झगा तरी दे.'

एजिदिओंनी झगा उतरवून दिला. काटेरी मुकुटही दिला, घडी घालायची वस्तू असल्यासारखा, त्या झग्यावर ठेवून. एप्रिलचा वारा होता, अंगात नुसता बनियन. क्वाबेनाने आपलं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. इकडे समितीने जानमार्कोचं तोंड रुमालाने घाईघाईत पुसलं, त्याला झगा चढवला, डोक्यावर मुकुट ठेवला. कानामागे काजळी तशीच राहिली. त्याला ओळी येत नव्हत्या. मी त्याच्या मागे-मागे चालत राहिले आणि एकेक ओळ सांगत राहिले. हो, मी. वळणावर मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

टेकडीवर सगळं वेळेत पार पडलं. येशू रस्त्याकडेला बसलेला होता आणि आपण त्याच्याशिवाय जाऊन त्याला क्रुसावर चढवून आलो. उतरताना जो तो म्हणत होता, 'यंदा किती छान झालं!' जर्मन बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणालाच फरक पडला नव्हता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एजिदिओंनी त्या माणसांना ड्रायव्हिंग स्कूलच्या हॉलमध्ये झोपायला जागा दिली. वळणाच्या आणि थांबण्याच्या खुणांच्या तक्त्यांखाली ते झोपले. आठवडाभरात शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया फोन करायला लागल्या. कुणाला परीक्षा होती, कुणाच्या मुलीला सर्दी झाली होती. भांडलं कुणी नाही. आपण सभ्य लोक आहोत. उन्हाळा संपेस्तोवर स्कूल बंद पडलं. बरेचसे मजूर दुसऱ्या गावी टोमॅटोच्या कामाला गेले. क्वाबेनाला लायसन मिळालं आणि तो आता रुग्णालयाला कपडे पोहोचवणारी गाडी चालवतो. एजिदिओ तारांतोला बहिणीकडे निघाले आहेत, तिथे शाळेच्या बसवर नोकरी आहे. म्हणजे समितीने निरोप दिला म्हणून ते जात नाहीत. आपण त्यांना राहू दिलं नाही आणि मग समितीने हा चांदीचा सन्मानपट्ट बनवून घेतला.

काल मी त्यांच्या घरी गेले होते, भांडी बांधायला मदत म्हणून. न राहवून विचारलं, 'एजिदिओ, आमच्यावर रागावलात का हो?'

ते वर्तमानपत्रात कप गुंडाळत होते. म्हणाले, 'राग नाही, बाई. पण दरवर्षी मी क्रुसावरून खाली बघायचो ना, तेव्हा तुम्हा सगळ्यांचे चेहरे इतके समाधानी दिसायचे. मला वाटायचं, माझं काम चांगलं होतंय. आता वाटतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी मरत होतो.'

मी कप गुंडाळत राहिले.

फादर घड्याळाकडे बघत आहेत. बघा, मुलांनो, तेही आता घंटेची वाट बघणारे माझेच विद्यार्थी झाले.

ग्वारिनीसाहेब, मी काही तुम्हाला खलनायक करायला उभी राहिले नाही. त्या मंगळवारी नगरपालिकेच्या दारात जाऊन 'हे करू नका' म्हणणारा एकही माणूस या गावात नव्हता, आणि मीही या गावातलीच आहे. आपण कुणी दुष्ट नाही. तोच तर पेच आहे. आपण दुष्ट असतो तर प्रभूला घाबरलो असतो. आपण त्याच्यावर प्रेम करतो, आणि प्रेमापोटी त्याच्या प्रत्येक शब्दाच्या कडा कापत गेलो, दात नसलेल्या माणसाला पाव द्यावा तसा. शेवटी जे उरलं ते आपल्यासारखंच दिसत होतं, आपल्यासारखंच बोलत होतं आणि आपल्याच टपरीवर ताराल्ली खात होतं. त्याच्यापुढे गुडघे टेकायला काय कठीण आहे?

आता आभार. समितीचे आभार, नगरपालिकेने हे सभागृह विनामूल्य दिलं त्याचे आभार, मागच्या खोलीत बदामाची बिस्किटं आणि वाइन मांडून ठेवणाऱ्या भगिनींचे आभार. एजिदिओ, तुमचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही, म्हणून मानत नाही.

आणि वडीलधाऱ्यांनो, माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं मी म्हणायला हवं. बोलण्यातल्या चुकीची माफी मी तुमच्याकडे मागते. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आज संध्याकाळचीच आहे.

मघाशी मी आत येत होते तेव्हा बाहेर पायऱ्यांवर क्वाबेना उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, सोबत त्याचे दोन मित्र. एजिदिओंनी त्यांना बोलावलं होतं. दारावरच्या निकांद्रोने त्यांना सांगितलं की आत जागा नाही. निकांद्रोला दोष देऊ नका, त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने केलं. क्वाबेनाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, एवढं सगळं बोलायचं मनाशी ठरवून आलेली मी, काय म्हणाले माहीत आहे? 'जरा थांबा हं, कार्यक्रम सुरू होऊ दे, मग बघू.' मग निकांद्रोने वारा येतो म्हणून दाराला कडी लावली.

इथून, व्यासपीठावरून, मला पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या दिसत आहेत. तुम्हालाही दिसत असतील.

ते अजून उभे असतील की गेले असतील, मला ठाऊक नाही. माझं भाषण संपलं. धन्यवाद.

निकांद्रो, तू बस. कडी मी काढते.